अतिस्वेद : स्तंभनापूर्वी निदान

प्रास्ताविक

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर व आसपासच्या खेड्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यास घामाचे रुग्ण शोधावे लागत नाहीत. नवतपाच्या दिवसांत वर्धा जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्यात दमटपणामुळे आलेला घाम अंगावर वाळत नाही आणि पाऊस ओसरला की शरदाचे ऊन पुन्हा तापू लागते. त्यामुळे ‘घाम फार येतो’ ही तक्रार वर्षातील निम्मे महिने आमच्या कानी पडते. बहुधा ती मुख्य तक्रार नसते. अंगाचा वास, घामोळ्या, गळाठा यांविषयी सांगून झाल्यावर रुग्ण ती जाता जाता सांगतो व वैद्यही जाता जाता एखादे शीतल चूर्ण देतो. या सवयीतील धोका आम्हांस एका प्रसंगाने शिकविला. तो येथे प्रारंभीच सांगणे इष्ट वाटते.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदाच्या अखेरीस एका दुपारी तिशीतील एका शेतमजुरास त्याचा भाऊ दुचाकीवर बसवून घेऊन आला. ‘डॉक्टरसाहेब, याचा घाम काही थांबून नाही राह्यला. उन्हानं पित्त झालं असंन,’ असे त्याने सांगितले. रुग्णाचे कपडे ओलेचिंब झाले होते, दोनदा वांती झाली होती, डोके जड होते. ऋतू शरदाच्या तोंडाचा, प्रकृती पित्तप्रधान, काम उन्हातले. पित्तप्रकोपाचे चित्र इतके जुळून आले की, आम्ही प्रवाळपिष्टी व कामदुधा यांच्या पुड्या बांधावयास घेतल्या. पुड्या बांधीत असता रुग्ण वारंवार थुंकत आहे, त्याच्या तोंडाला पाणी सुटत आहे, हे ध्यानी आले. डोळे पाहिले तो बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. विचारपूस केल्यावर सकाळपासून पऱ्हाटीवर फवारणी चालू होती, हे कळले. मग कपडे काढून, अंग साबणाने धुऊन त्यास तातडीने मोठ्या रुग्णालयात रवाना केले. रुग्ण वाचला; परंतु पंधरा-वीस मिनिटे आम्ही वाया घालविली होती. विचारावयाचा प्रश्न आम्ही शेवटी विचारला, हा दोष सर्वस्वी आमचा होता.

प्रस्तुत लेखात अतिस्वेदाचे हेतू, संप्राप्ती व चिकित्सा यांचा विचार करावयाचा आहे. तथापि स्वेद थांबविण्यापूर्वी तो का येत आहे, हे ठरविणे हीच चिकित्सेची पहिली पायरी होय, हा मुद्दा वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे.

स्वेदाचे प्राकृत स्वरूप

स्वेद हा मेदोधातूचा मल असून क्लेदाचे नियमन व त्वचेचे मार्दव राखणे ही त्याची कर्मे शास्त्रकारांनी सांगितली आहेत. चरकाचार्यांनी विमानस्थानातील पाचव्या अध्यायात स्वेदवह स्रोतसांचे मूल मेद व लोमकूप असे वर्णिले आहे. वाग्भटाचार्यांनी पित्ताच्या स्थानांत स्वेदाची गणना केली आहे, तर सुश्रुताचार्यांनी स्वेद बाहेर टाकण्याचे कर्म व्यानवायूकडे सोपविले आहे. म्हणजे स्वेदाचे द्रव्य मेदाशी, उष्णता पित्ताशी व प्रवर्तन व्यानाशी निगडित आहे. पुढील सर्व चिकित्सा या तीन सूत्रांवर उभी राहते.

आधुनिक शारीरक्रियेनुसार मनुष्याच्या त्वचेत सुमारे २० ते ४० लक्ष स्वेदग्रंथी असतात. तळहात व तळपाय येथे त्यांची दाटी अधिक असते. शरीराची उष्णता वाढली की मेंदूतील हायपोथॅलॅमस या केंद्राकडून अनुकंपी चेतातंतूंद्वारा या ग्रंथींना आज्ञा मिळते. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. घाम नुसता गळून पडला तर हा लाभ मिळत नाही. दमट हवेत घाम पुष्कळ येऊनही जीव घाबराघुबरा होतो, त्याचे कारण हेच. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्या व उन्हास सरावलेल्या मनुष्यास ताशी एक लिटरहून अधिक घाम येऊ शकतो. असा घाम ही विकृती नसून शरीराचे संरक्षण होय.

यास्तव ‘अति’ कशास म्हणावे, हे ठरविताना देश, काल, प्रकृती व कर्म यांचा विचार केला पाहिजे. पित्तप्रकृतीच्या व्यक्तीस स्वेद स्वभावतःच अधिक येतो. ज्येष्ठात वावरात राबणाऱ्याचा सदरा भिजणे स्वाभाविक आहे. मात्र पौषात पंख्याखाली बसून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वही तळहाताच्या घामाने भिजत असेल, तर ते अस्वाभाविक होय.

हेतू व संप्राप्ती

अतिव्यायाम, अतिसंताप, शीत व उष्ण यांचे क्रमरहित सेवन, तसेच क्रोध, शोक व भय हे स्वेदवह स्रोतसांच्या दुष्टीचे हेतू चरकाने सांगितले आहेत. उन्हातून येताच बर्फाचे पाणी पिणे, कुलरसमोरून उठून थेट तापलेल्या रस्त्यावर जाणे, ही शीतोष्णाच्या अक्रमसेवनाची आजची उदाहरणे होत. मानस हेतूंचा शारीर हेतूंच्या बरोबरीने केलेला उल्लेख विशेष लक्षणीय आहे. याखेरीज कटु, अम्ल, लवण रसांचा अतिरेक, मद्य, तंबाखू, चहाचा अतिरेक व जागरण हे पित्तप्रकोपक हेतू रुग्णांत नेहमी आढळतात.

या दुष्टीच्या लक्षणांत अतिस्वेदनाबरोबर अस्वेदन, त्वचेचे पारुष्य किंवा अतिश्लक्ष्णता, परिदाह व लोमहर्ष यांचाही समावेश आहे. एकाच स्रोतसाच्या दुष्टीने घाम वाढूही शकतो व बंदही पडू शकतो, हे चिकित्सकाने विसरू नये.

अतिस्वेदाचे प्रकार

संहितांमध्ये अतिस्वेद हा स्वतंत्र अध्यायाचा विषय नाही. तो चाळीस पित्तनानात्मज विकारांपैकी एक आहे आणि अन्य अनेक व्याधींचे लक्षण वा पूर्वरूपही आहे. व्यवहारात सोयीचे म्हणून आम्ही पुढील वर्गीकरण करतो.

१. पित्तज : सर्वांगास, विशेषतः कपाळ, मान व काखेत घाम येतो. स्वेद उष्ण व दुर्गंधी असून दाह, तृष्णा, घशाशी आंबट येणे, चिडचिड ही लक्षणे सोबत असतात. कपड्यांवर पिवळसर डाग पडतात. शरदात व मध्यान्ही वृद्धी, शीतोपचाराने उपशय.

२. मेदोज : स्थूल व्यक्तीत थोड्या श्रमाने पुष्कळ, चिकट स्वेद येतो. चरकाने अतिस्थूलाचे आठ दोष सांगताना दौर्गंध्य व स्वेदाबाध यांची गणना केली आहे. काख, जांघ व स्तनांखालील वळ्यांत ओल राहून कंडू व गजकर्ण उद्भवतात. स्वेद व अंगगंध ही प्रमेहाचीही पूर्वरूपे असल्याने अशा प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा तपासावी.

३. वातज : तळहात, तळपाय व काखा यांतच घाम येतो, स्पर्श थंड असतो, भय वा चिंता उत्पन्न होताच तो वाढतो. ग्रंथांत या नावाने स्वतंत्र वर्णन नसले तरी व्यानाचे कर्म व भयादी हेतू ध्यानी घेऊन आम्ही यास वातप्रधान मानतो. आधुनिक शास्त्रात यालाच प्राथमिक अतिस्वेद म्हणतात. विशेष कारणाशिवाय सहा महिन्यांहून अधिक काळ, दोन्ही बाजूंस सारखा, आठवड्यातून किमान एकदा दैनंदिन कामात व्यत्यय येईल इतका घाम, पंचविशीपूर्वी आरंभ, कुटुंबात अन्य कोणास त्रास आणि झोपेत घाम पूर्णतः थांबणे, ही त्याची ओळख होय. यातील शेवटचे लक्षण निदानास सर्वांत उपयुक्त आहे.

४. परतंत्र : अन्य व्याधीचे लक्षण म्हणून येणारा स्वेद. रात्री अंथरूण भिजविणारा घाम, सायंकाळचा बारीक ताप, वजन घटणे व दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयाची थुंकी-तपासणी झालीच पाहिजे. भूक असूनही वजन उतरणे, धडधड, हातांस कंप व उष्णता असह्य होणे, ही लक्षणे असता थायरॉईडची तपासणी करावी. थंडी, ताप व नंतर घाम हा क्रम विषमज्वराचा. तेथे मलेरियासाठी रक्त तपासावे. रजोनिवृत्तीच्या काळात छाती-चेहऱ्यावर उष्णतेची लाट येऊन घाम सुटतो. नैराश्यावरील काही औषधे व ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके यांनीही घाम वाढतो. म्हणून रुग्णाजवळील औषधांच्या पट्ट्या मागवून पाहाव्यात.

आत्ययिक स्वेद

वरील प्रकारांत विचारास अवधी असतो. पुढील तीन अवस्थांत तो नसतो.

पहिली अवस्था फवारणीच्या विषबाधेची. २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या आठवड्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयांत दाखल करावे लागले. आपल्या जिल्ह्यातही पीक तेच, पंप तेच व हंगामही तोच आहे. कपाशी छातीस लागली की फवारा अंगावर व चेहऱ्यावर येतो आणि घामाने भिजलेल्या कपड्यांतून विष त्वचेत शिरत राहते.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके शरीरात ॲसिटिलकोलीन या द्रव्याचे विघटन रोखतात. स्वेदग्रंथींना चेतविणारे द्रव्यही हेच. ते साचत गेल्याने घाम, लाळ, अश्रू व श्वासनलिकेतील स्राव एकाच वेळी वाढतात. बाहुल्या आकुंचित होतात, वांती, अतिसार व छातीत घरघर सुरू होते, स्नायू फडफडतात आणि अखेर श्वास थांबतो. घाम व वांती एवढ्यावरून हे चित्र पित्तप्रकोपासारखे भासते. त्यातच शास्त्राप्रमाणे पित्तप्रकोपाचा काल म्हणजे शरद आणि आपल्याकडील फवारणीचा भर हे बऱ्याच अंशी एकत्र येतात. ऋतूचा विचार करण्याचे जे शिक्षण आपणांस मिळाले, तेच येथे दिशाभूल करू शकते. आमची चूक अशीच झाली. पित्तप्रकोपात तोंडास आंबट-कडू पाणी येईल, पण लाळ अखंड गळत नाही व बाहुल्या टाचणीएवढ्या होत नाहीत. मात्र सर्वच कीटकनाशके या गटातील नसतात. म्हणून बाहुल्या प्राकृत दिसल्या तरी फवारणीचा इतिहास असता रुग्णास घरी पाठवू नये.

अशा वेळी रुग्णास फवारणीच्या जागेपासून दूर आणावे. हातमोजे घालून त्याचे सर्व कपडे काढावेत व केसांसह संपूर्ण अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. विषचिकित्सेच्या चोवीस उपक्रमांत चरकाने परिषेक सांगितला आहे, त्याचे प्रयोजन येथे प्रत्यक्ष दिसते. वमन देऊ नये, दूध वा तूप पाजू नये. शुद्ध हरपत असल्यास कुशीवर निजवावे. औषधाची बाटली वा तिच्यावरील चिठ्ठी सोबत देऊन १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अथवा मिळेल त्या वाहनाने, ॲट्रोपीन व कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आपल्या जिल्ह्यातच आहेत, याचा लाभ वेळेत घ्यावा.

दुसरी अवस्था रक्तशर्करा उतरण्याची. मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिन वा गोळ्या घेऊन उपाशी राहिला, अथवा उपवासाच्या दिवशीही गोळी चालू ठेवली, तर थरथर, गार घाम, धडधड व भ्रम उत्पन्न होतात. शर्करा ७० मि.ग्रॅ.च्या खाली आढळल्यास, रुग्ण शुद्धीवर असता, तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे व नंतर जेवू घालावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही न देता त्वरित पाठवावे. आधुनिक गोळ्या चालू असता आपण प्रमेहघ्न औषधांची भर घालतो, तेव्हा या शक्यतेची कल्पना रुग्णास देणे आपले कर्तव्य आहे.

तिसरी अवस्था हृद्रोगाची. छातीवर दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, आणि गार, चिकट घाम असता ‘गॅस झाला’ या रुग्णाच्या निदानावर विसंबू नये. मधुमेहींत व वृद्धांत छातीत कळ न येता नुसता घाम व अस्वस्थता एवढेच लक्षण असू शकते.

घाम न येणे

अतिस्वेदाच्या लेखात अस्वेदाचा उल्लेख अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु दोन कारणांनी तो आवश्यक ठरतो.

पहिले कारण ऊन लागणे. घाम फार येत असलेला, थकलेला, पण शुद्धीत असलेला मनुष्य सावलीत निजवून क्षारयुक्त पाणी दिले असता सावरतो. मात्र अंग चटका बसेल इतके तापले व बोलण्यात भ्रम आला, तर ती प्राणघातक अवस्था होय. त्वचा कोरडी पडणे हे तिचे प्रसिद्ध लक्षण असले तरी श्रमाने ऊन लागलेल्या तरुणाची त्वचा ओली असू शकते. म्हणून घामापेक्षा शुद्धीकडे लक्ष द्यावे. अंगावर पाणी ओतून वारा घालावा व विलंब न करता पाठवावे.

दुसरे कारण कुष्ठ. अस्वेद वा अतिस्वेद ही दोन्ही कुष्ठाची पूर्वरूपे चरकाने सांगितली आहेत. महारोगात त्वचेतील चेतातंतू नष्ट झाल्याने चट्ट्याच्या जागी स्पर्शज्ञान कमी होते व तेवढा भाग घामावाचून कोरडा राहतो. उन्हाळ्यात सर्वांग घामाने डबडबलेले असता एखादा फिकट चट्टा कोरडा दिसला, तर तेथे स्पर्शपरीक्षा करावी. वर्धा जिल्ह्यास या कार्याची थोर परंपरा आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठसेवेस आरंभ केला. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्रींची स्वहस्ते शुश्रूषा केली. पुढे १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे मुख्य केंद्रही वर्ध्यासच आहे. बहुविध औषधोपचार आज शासनाकडून विनामूल्य मिळतो. चट्टा वेळेत ओळखणे एवढेच आपल्याकडे उरते.

चिकित्सा

आत्ययिक व परतंत्र अवस्था वगळल्यानंतर जो रुग्ण उरतो, तो आपल्या चिकित्सेचा खरा अधिकारी होय. त्याच्या बाबतीत आयुर्वेदाजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे.

चरकाने स्वेदवह स्रोतोदुष्टीत ज्वराप्रमाणे चिकित्सा सांगितली आहे आणि अतिस्विन्नासाठी ग्रीष्म ऋतुचर्येतील मधुर, स्निग्ध, शीत विधी उपदेशिला आहे. या दोन सूत्रांचा समन्वय म्हणून आम्ही षडंगोदक प्रथम योजितो. मुस्ता, पर्पट, उशीर, चंदन, सुगंधीवाळा व सुंठ यांची सुमारे १० ग्रॅम भरड ६४० मि.लि. पाण्यात निम्मे राहीपर्यंत उकळून, गाळून, थंड करून दिवसभर थोडे थोडे पिण्यास द्यावे. खर्च अल्प असल्याने ग्रामीण रुग्ण ते आनंदाने घेतात.

पित्तज प्रकारात शरद ऋतूत, बल पाहून, विधिपूर्वक विरेचन द्यावे. ते शक्य नसल्यास अविपत्तिकर चूर्ण ३ ते ५ ग्रॅम रात्री काही दिवस देऊन अनुलोमन साधावे. शमनार्थ प्रवाळपिष्टी २५० मि.ग्रॅ. व गुडूची सत्त्व ५०० मि.ग्रॅ. दोन वेळा दुधातून, तसेच सारिवेचा हिम (२० ग्रॅम भरड १२० मि.लि. पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी कुसकरून गाळलेला) उपयुक्त ठरतो. उशीरासव १५ मि.लि. समभाग पाण्यासह देता येते. परंतु त्यात गूळ-साखर असल्याने मधुमेहींना देऊ नये. चंद्रकलेसारखे पारदयुक्त कल्प आम्ही घामासाठी नित्य वापरण्याच्या विरुद्ध आहोत. जेथे वाळा व सारिवा पुरेशी आहेत, तेथे त्यांची आवश्यकता नाही.

मेदोज प्रकारात निव्वळ शीत चिकित्सा केल्यास मेद व कफ वाढतात आणि घाम काही दिवसांनी पूर्ववत होतो. तेथे त्रिफळा क्वाथ थंड झाल्यावर मधासह, त्रिफळा गुग्गुळ, जव-मूग-ज्वारी यांचा आहार व नित्य चालणे यांवर भर द्यावा. व्यायामाने प्रारंभी घाम वाढतो; याची कल्पना आधी न दिल्यास रुग्ण आठवड्याभरात व्यायाम सोडून देतो.

वातज प्रकारात जटामांसी, ब्राह्मी व शंखपुष्पी यांचे चूर्ण, रात्री पादाभ्यंग आणि शक्य असल्यास शिरोधारा यांनी लाभ होतो. थायरॉईडच्या आधिक्याची शंका असल्यास अश्वगंधा टाळावी. या रुग्णांत विद्यार्थी अधिक असतात. परीक्षेत उत्तरपत्रिका भिजेल या भीतीनेच घाम वाढतो, व घाम वाढला म्हणून भीती वाढते. लग्न ठरलेल्या मुली हात लपवितात. हा आपला मानसिक दुबळेपणा नसून ग्रंथींच्या चेतनेचा दोष आहे, असे वैद्याने स्पष्ट सांगितले तरी रुग्णास निम्मा दिलासा मिळतो.

बाह्य उपचार : स्वेद दूर करणाऱ्या लेपांत लामज्जक व उशीर यांना चरकाने अग्र्य मानले आहे. तसेच शिरीष, लामज्जक, नागकेशर व लोध्र यांच्या चूर्णाचे घर्षण सांगितले आहे. लामज्जक सहज मिळत नसल्याने आम्ही वाळा, लोध्र व शिरीषाची साल समभाग वापरतो. हे वस्त्रगाळ चूर्ण स्नानापूर्वी अंगास चोळून दहा मिनिटांनी धुवावे. हातापायांच्या घामासाठी बाभळीच्या सालीचा कोमट क्वाथ उत्तम. मूठभर साल दोन लिटर पाण्यात उकळून, त्यात रोज पंधरा-वीस मिनिटे तळहात-तळपाय बुडवून ठेवावेत. कषाय रसाचे स्तंभन येथे थेट स्थानी घडते आणि बाभूळ तर आपल्या धुऱ्यावरच उभी असते. काखेसाठी तुरटीचे सौम्य पाणी रात्री, कोरड्या त्वचेवर लावावे. आधुनिक चिकित्सेत वापरले जाणारे ॲल्युमिनियम क्लोराईड व आपली स्फटिका ही एकाच धातूची लवणे होत. त्वचा सोललेली असता किंवा केस काढल्यानंतर लगेच तुरटी लावू नये.

सन्निपातज्वरात घाम सुटून अंग गार पडू लागले असता भाजलेल्या कुळथाचे पीठ अंगास चोळण्याची परंपरा आहे. तो उपचार करण्यास हरकत नाही. मात्र तशी अवस्था आज आढळल्यास रुग्णालयात नेण्याची व्यवस्था प्रथम करावी व पीठ नंतर चोळावे.

पथ्यापथ्य

ज्वारीच्या कण्या, ताजे गोड ताक, मूग, दुधी, दोडका, कोहळा, धने-जिऱ्याचे पाणी, मनुका, आवळा व कैरीचे पन्हे ही पथ्ये आपल्या घराघरांत उपलब्ध आहेत. लसूण, तिखट, लोणची, शिळे व आंबलेले अन्न, मद्य, तंबाखू व अतिचहा वर्ज्य करावे. सुती, सैल वस्त्रे वापरावीत व ती रोज धुवावीत. पायमोजे कोरडे असावेत.

घामावाटे पाण्याबरोबर लवणही जाते. म्हणून शेतात राबणाऱ्यास नुसते पाणी पुरेसे होत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले पेय वावरात सोबत नेण्यास सांगावे. घाम येऊ नये म्हणून पाणी कमी पिणारे रुग्णही आम्हांस भेटले आहेत. त्यांचा गैरसमज आवर्जून दूर करावा, कारण त्याचा परिणाम मूत्रकृच्छ्र व ऊन लागणे यांत होतो.

मर्यादा

प्राथमिक अतिस्वेद आमच्या उपचारांनी नियंत्रणात येतो. तो समूळ नाहीसा होईल असे आश्वासन आम्ही देत नाही. तीन महिन्यांच्या पथ्यासह केलेल्या चिकित्सेने उपशय न मिळाल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पाण्यात सौम्य विद्युत्प्रवाह सोडून केलेली चिकित्सा व बोटुलिनम विषाची सूची हे पर्याय त्यांच्याकडे असतात. चेतातंतू छेदण्याची शस्त्रक्रियाही होते. परंतु तळहात कोरडे झाल्यानंतर पाठ व पोट यांवर घाम वाढल्याच्या तक्रारी त्यात पुष्कळ आढळतात. म्हणून ती अखेरचा उपाय समजावी.

उपसंहार

त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या चिकित्सालयात एक नियम केला आहे. घामाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णास, औषधाच्या डब्यास हात लावण्यापूर्वी, पाच प्रश्न विचारावयाचे.

१. आज किंवा काल फवारणी केली काय? (आणि उत्तर काहीही असो, बाहुल्या पाहावयाच्या.)
२. कोणती औषधे चालू आहेत व शेवटचे जेवण केव्हा झाले?
३. छातीत दडपण वा धाप आहे काय?
४. झोपेत घाम येतो काय? ताप, खोकला, वजन घटणे आहे काय?
५. घाम सर्वांगास आहे की ठरावीक जागी, आणि अंगावर न भिजणारा एखादा चट्टा आहे काय?

यास दोन मिनिटे लागतात. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत पहिला प्रश्न तर दारातच विचारला जातो व आमचे औषध देणारे सहायकही तो विचारावयास शिकले आहेत. बहुसंख्य रुग्णांची पाचही उत्तरे निर्धोक असतात. मग वाळा, सारिवा, लोध्र, बाभूळ ही आपली साधी द्रव्ये निःशंकपणे द्यावीत. ती गुण देतात. ज्याचे एखादे उत्तर निर्धोक नसेल, त्याला वेळेत पुढे पाठविणे हीसुद्धा वैद्याने केलेली चिकित्साच होय. ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी हा नियम येत्या फवारणीच्या हंगामापूर्वी आपापल्या चिकित्सालयात लागू करावा, अशी विनंती आहे.